पंधरा टक्के, पण कशाचे?

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी आमचे शेजारी हातात एक जाड पाकीट घेऊन आले आणि त्यातील सोळा पाने त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकेक करून पसरली. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ तीन पिढ्यांचा दूधधंदा सांभाळत आले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गाई विकल्या आणि आता ऐंशी एकरांत केवळ गवत आणि मका घेतात. पाकीट दिले होते ते एका वायू कंपनीच्या मध्यस्थाने, ज्याला येथे 'लँडमन' म्हणतात, आणि आत होता तो जमिनीखालचा वायू कंपनीला काढू देण्याचा करार. पहिल्या पानावर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती, तिच्यावर सहीपोटी एकरी मिळणाऱ्या बोनसचा आकडा ठळक अक्षरांत लिहिला होता, आणि सही कोठे करायची ते दाखवणारे लाल बाण पाचव्या, अकराव्या आणि सोळाव्या पानाच्या कडेला डोकावत होते. मधल्या पानांवर मात्र काहीच चिकटवलेले नव्हते. सगळा मजकूर तिथेच होता.

मी राहतो ते पेनसिल्व्हेनियाच्या उत्तर टोकाला, ब्रॅडफर्ड काउंटीत, सेअर गावाजवळ. व्यवसायाने हिशेबनीस आहे, वकील नव्हे, आणि ही गोष्ट मी शेजाऱ्यांना चहाचा कप हातात देण्याआधीच सांगितली. परंतु दर वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आसपासच्या शेतकऱ्यांची करविवरणपत्रे भरता भरता वायूच्या स्वामित्वधनाच्या (म्हणजे रॉयल्टीच्या, उत्पादनातून जमीनमालकाला मिळणाऱ्या वाट्याच्या) इतक्या पावत्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत की, करारातील कोणते वाक्य पुढे पावतीवर किती रकमेची कात्री लावते, याचा अंदाज आता येऊ लागला आहे. त्याच अनुभवाच्या आधारे हे लिहीत आहे.

त्या रात्री कोल्हापूरला थोरल्या भावाला फोन केला तेव्हा ही हकीकत सांगितली. दादांचा पहिला प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा होता. "म्हणजे सातबारा ज्याच्या नावावर, त्याच्या जमिनीखालचा वायूही त्याचाच?" मी म्हटले, "हो दादा, इथे तसेच आहे. विकला नसेल तर." पलीकडे क्षणभर शांतता होती. नंतर ते म्हणाले, "आणि आपल्या खालचा?"

आपल्या खालचा आपला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्या कलम 48 नुसार राज्यातील खनिजे, ती पृष्ठभागावर असोत की जमिनीच्या पोटात, राज्य सरकारच्या मालकीची आहेत. केरळातील मलबारच्या जन्मी, म्हणजे वंशपरंपरेने पूर्ण मालकीच्या, जमिनींविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये असे म्हटले होते की, कायद्याने काढून घेतली नसेल तर जमिनीखालील खनिजांची मालकी सामान्यतः जमीनमालकाकडेच राहते. परंतु महाराष्ट्रात कायद्याने ती काढून घेतलेली आहे, त्यामुळे त्या निकालाने आपल्या शेतकऱ्याच्या हाती फारसे काही पडत नाही. खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांचा कारभार 1948 च्या तेलक्षेत्र कायद्याखाली चालतो आणि जमिनीवरील विहिरींचे स्वामित्वधन राज्याच्या तिजोरीत जाते. शेतकऱ्याला मिळते ती वरच्या जमिनीची आणि पिकाची भरपाई. अमेरिकेत याच्या नेमके उलट आहे. खाजगी जमिनीखालील तेल, वायू, कोळसा हे सारे मुळात खाजगी मालकीचे असते, वरच्या जमिनीपासून वेगळे काढून विकता येते, मुलांत वाटता येते, गहाणही ठेवता येते. जगात अशी व्यवस्था फार थोड्या ठिकाणी आहे, आणि म्हणूनच शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात येऊन सह्या गोळा करणारा लँडमन हा प्राणीही मुख्यतः याच देशात आढळतो.

आमच्या भागात जो खडक आहे त्याला मार्सेलस शेल म्हणतात. न्यूयॉर्क राज्यातील मार्सेलस या छोट्या गावाजवळ तो उघड्यावर दिसतो, त्यावरून हे नाव पडले. सुमारे 39 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा हा काळा, पापुद्र्यांचा खडक आमच्याकडे जमिनीखाली साधारण पाच ते सात हजार फुटांवर आहे. त्यात वायू आहे हे भूवैज्ञानिकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते, पण खडक इतका घट्ट की सरळ उभ्या विहिरीत वायू उतरतच नसे. 2004 मध्ये राज्याच्या नैर्ऋत्येला वॉशिंग्टन काउंटीत रेंज रिसोर्सेस या कंपनीने एका विहिरीत पाणी, वाळू आणि रसायने प्रचंड दाबाने सोडून हा खडक फोडून पाहिला, पुढे आडव्या विहिरींची जोड मिळाली, आणि चित्र पालटले. जानेवारी 2008 मध्ये टेरी एंगेल्डर आणि गॅरी लॅश या दोन प्राध्यापकांनी मार्सेलसमधून काढता येण्याजोगा वायू 50 लाख कोटी घनफूट असल्याचा अंदाज जाहीर केला आणि त्यानंतर लँडमन मंडळींच्या गाड्या खेडोपाडी फिरू लागल्या.

भाव कसे चढले ते सांगितले म्हणजे लोकांच्या मनातली सल समजेल. आमच्या पूर्वेच्या सस्क्वेहॅना काउंटीत 2006 च्या सुमारास एकरी 25 डॉलर बोनसवर सह्या झाल्या होत्या. त्यानंतर चार-पाच वर्षांच्या आत याच पट्ट्यात एकरी 5,000 डॉलरच्या वर बोनस देणारे करार झाले. एकाच रस्त्याच्या डाव्या बाजूला पंचवीस आणि उजव्या बाजूला पाच हजार, अशी स्थिती असताना शेजाऱ्या-शेजाऱ्यांत बोलणे बंद झाल्याच्या गोष्टी मी स्वतः ऐकल्या आहेत. आपल्याकडे बांधावरून भांडणे होतात, तशीच ही. फरक एवढाच की हा बांध सहा हजार फूट खोल आहे.

आमच्या शेजाऱ्यांनी 2010 मध्ये एक करार केला होता. पाच वर्षांची मुदत, आणि कंपनीला हवी असल्यास आणखी पाच. विहीर कधीच खोदली गेली नाही, कारण मधल्या काळात वायूचाच भाव कोसळला. जुलै 2008 मध्ये अमेरिकेच्या बाजारात दहा लाख ब्रिटिश औष्णिक एककांना (उष्णतेवरून वायू मोजण्याचे हे माप) 13 डॉलरच्या वर गेलेला दर एप्रिल 2012 मध्ये 2 डॉलरच्याही खाली आला होता. 2020 मध्ये करार संपला आणि कोणी फिरकले नाही. आता पुन्हा विचारणा सुरू झाली आहे. द्रवरूप वायूची निर्यात वाढली आहे; 2023 मध्ये अमेरिका जगातील सर्वांत मोठा निर्यातदार झाला. शिवाय संगणकांच्या महाकाय केंद्रांना लागणाऱ्या विजेसाठी वायूवर चालणारी वीजकेंद्रे उभी राहत आहेत. पेनसिल्व्हेनियातच होमर सिटी येथे बंद पडलेल्या कोळशाच्या केंद्राच्या जागी सुमारे साडेचार गिगावॅटचे वायुकेंद्र उभारण्याची घोषणा 2025 मध्ये झाली. टेबलावरची सोळा पाने या सगळ्याचे शेवटचे टोक होती.

शेजाऱ्यांचा समज असा होता की, हा पाच वर्षांचा भाडेपट्टा आहे. पाच वर्षांनी जमीन मोकळी. कागदाच्या माथ्यावर शब्दही 'लीज' असाच आहे. आपल्याकडे शेत खंडाने देतात, तसे ते मनात धरून बसले होते. खंडाने दिलेले शेत मुदत संपली की परत येते, आणि नाही आले तर काय करायचे हेही ठाऊक असते. वायूचा हा कागद मात्र त्या जातीचा नाही. पाच वर्षे ही केवळ पहिली मुदत असते. तिच्या पुढे बारीक अक्षरांत लिहिलेले असते की, "आणि त्यानंतर जोपर्यंत फायदेशीर प्रमाणात उत्पादन चालू राहील तोपर्यंत". एकदा विहीर सुरू झाली की ती वीस, तीस, चाळीस वर्षे थोडाथोडा वायू देत राहते आणि तोवर जमीन कंपनीकडे राहते. येथे यासाठी 'उत्पादनाने धरलेली जमीन' असाच शब्दप्रयोग आहे. फायदेशीर म्हणजे किती, हा वादही न्यायालयात जाऊन आला. 2012 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जेडलिका खटल्यात ठरवले की, विहीर चालवण्याच्या खर्चापेक्षा उत्पन्न किंचितही अधिक असेल तर ती फायदेशीर; आणि काही काळ तोटा झाला तरी कंपनीने सद्‌हेतूने ती चालू ठेवली असेल तर तिचा निर्णय सहसा मानला जाईल. म्हणजे नाव भाड्याचे असले तरी व्यवहार अटी घातलेल्या विक्रीचा आहे. मी शेजाऱ्यांना एवढेच म्हटले की, तुम्ही ही पाने भाडेकरूला दार उघडून देणाऱ्या मालकाच्या नजरेने वाचू नका, शेत विकणाऱ्याच्या नजरेने वाचा. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.

आता पंधरा टक्के. लँडमनने तोंडी सांगितले होते की कायद्याने साडेबारा टक्के द्यावे लागतात, आम्ही पंधरा देतो. पहिला भाग खरा आहे. 1979 च्या कायद्यानुसार पेनसिल्व्हेनियात एक-अष्टमांशापेक्षा कमी स्वामित्वधन देणारा करार वैध ठरत नाही. परंतु एक-अष्टमांश कशाचा? विहिरीच्या तोंडाशी निघालेल्या वायूला गिऱ्हाईक नसते. तो गोळा करणाऱ्या नळांतून न्यावा लागतो, त्यातील ओलावा काढावा लागतो, दाब वाढवून मोठ्या वाहिनीत ढकलावा लागतो, आणि दूरच्या बाजारात पोहोचला की त्याची किंमत ठरते. हा मधला खर्च जमीनमालकाच्या वाट्यातून कापता येतो की नाही, यावर किल्मर खटला चालला. मार्च 2010 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कापता येतो असा निकाल दिला. त्या दिवसापासून टक्केवारी हा अर्धाच आकडा उरला.

हिशेबनिसाला उदाहरणाशिवाय चैन पडत नाही, तेव्हा त्या शनिवारी पाकिटाच्या पाठीवरच मी आकडेमोड केली. समजा विहिरीसाठी आसपासच्या जमिनी एकत्र करून 640 एकरांचा एक गट पाडला आणि त्यात शेजाऱ्यांचे 80 एकर पूर्ण आले. त्यांचा हिस्सा एक-अष्टमांश झाला. त्यावर पंधरा टक्के म्हणजे 0.01875, शंभर रुपयांतले पावणेदोन रुपये आणि वर थोडी चिल्लर. समजा विहिरीतून सुरुवातीच्या एका महिन्यात तीन लाख एमसीएफ वायू निघाला (एक एमसीएफ म्हणजे एक हजार घनफूट) आणि दर अडीच डॉलर मिळाला. एकूण विक्री साडेसात लाख डॉलर, शेजाऱ्यांचा वाटा 14,062 डॉलर 50 सेंट. आता गोळा करणे, दाबणे, वाळवणे, वाहून नेणे यांच्या नावाने एमसीएफमागे एक डॉलर कापला तर हीच रक्कम 8,437 डॉलर 50 सेंटवर येते. दोन-तीन वर्षांनी दर दोन डॉलर झाला आणि उत्पादन एक लाख एमसीएफवर आले, तर कपात तेवढीच राहून हातात 1,875 डॉलर पडतात. दर केवळ एक-पंचमांशाने उतरला, पण कपात जागची हलली नाही, त्यामुळे मालकाच्या प्रत्येक एमसीएफच्या उत्पन्नाला मात्र एक-तृतीयांशाची खोट बसली. उत्पादनाची घट तर ठरलेलीच आहे; शेलमधील विहिरीचे उत्पादन पहिल्या वर्षभरातच निम्म्याहून खाली येणे ही येथे नित्याची गोष्ट आहे.

याच हिशेबात आणखी एक गंमत दिसते. अडीच डॉलरच्या दराला, एक डॉलर कपात करून दिलेले वीस टक्के म्हणजे एमसीएफमागे तीस सेंट. कपातीशिवाय दिलेले पंधरा टक्के म्हणजे साडेसदतीस सेंट. तरीही हॉटेलात किंवा चर्चच्या आवारात बसून गप्पा मारताना वीस टक्केवाला मिशीवर ताव देतो आणि पंधरावाला मान खाली घालून कॉफी ढवळतो, हे मी पाहिले आहे. कपातबंदीची अट मिळवणे सोपे नाही. कंपन्या तिला फार विरोध करतात, आणि मिळाली तरी तिची भाषा वकिलाकडून तपासून घ्यावी लागते, कारण "मूल्य वाढवणारा खर्च वगळून" अशी चार शब्दांची शेपटी जोडून सगळी अट निकामी करता येते. माझ्या एका अशिलाच्या पावतीवर एका महिन्यात कपात उत्पन्नाहून मोठी निघाली होती, आणि कंपनीने, जिचे नाव मी येथे घेणार नाही, वजा शिल्लक पुढच्या महिन्यात ओढली होती. जमिनीतून वायू गेला आणि वर देणे उरले. त्या बाईंनी पावती माझ्यासमोर ठेवून विचारले, "मी यांना चेक पाठवायचा आहे का?" नव्हता पाठवायचा. पण प्रश्न अगदी रास्त होता.

लँडमनचा दुसरा मुद्दा भीतीचा होता. तुम्ही सही केली नाही तर शेजारच्या विहिरीतून तुमचा वायू ओढला जाईल आणि तुम्हाला छदामही मिळणार नाही. यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. तेल-वायू जो बाहेर काढील त्याचा, हा 'कॅप्चर'चा जुना नियम येथे आहे आणि खडक फोडून काढलेल्या वायूलाही तो लागू पडतो, असे जानेवारी 2020 मध्ये ब्रिग्ज खटल्यात न्यायालयाने सांगितले. परंतु कंपनीची विहीर किंवा तिने घुसवलेले पदार्थ प्रत्यक्ष तुमच्या हद्दीत शिरल्याचे सिद्ध झाले तर ते अतिक्रमण ठरू शकते. शेलचा स्वभावही लक्षात घ्यायला हवा. हा वायू भूजलासारखा वाहत नाही. फोडलेल्या भेगांच्या काही शे फूट परिघातलाच निघतो. हद्दीलगतची पट्टी जाईल, ऐंशी एकरांचे पोट जाणार नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, राज्याच्या 1961 च्या कायद्यात नाखूश मालकाची जमीन सक्तीने गटात ओढण्याची जी तरतूद आहे, ती ओनोंडागा या चुनखडीच्या थरापर्यंत किंवा त्याखाली जाणाऱ्या विहिरींसाठी आहे. मार्सेलस या थराच्या वर बसतो. त्यामुळे मार्सेलसच्या आडव्या विहिरीला शेजाऱ्यांच्या जमिनीखालून जायचे असेल तर त्यांची सही लागतेच. नकाशा पाहिला तर त्यांचे शेत गटाच्या अगदी मध्यावर आहे. घाई कोणाला आहे, हे त्या नकाशाने लँडमनपेक्षा स्पष्ट सांगितले.

पण मालकी खरोखर शेजाऱ्यांची आहे का, हे तोवर कोणी पाहिलेच नव्हते. पुढच्या मंगळवारी आम्ही दोघे टोवांडाला गेलो. ते आमच्या काउंटीचे मुख्य ठिकाण. न्यायालयाच्या इमारतीत खरेदीखतांचे जाडजूड ग्रंथ आहेत, एकेक उचलायला दोन हात लागावेत असे. आजोबांपासून मागे जात जात 1911 च्या खतात आम्ही अडकलो. सुरेख वळणदार अक्षरात लिहिले होते की, विकणाऱ्याने जमीन दिली, मात्र "कोळसा आणि इतर सर्व खनिजे" स्वतःसाठी व वारसांसाठी राखून ठेवली. शेजारी ते वाक्य वाचून खुर्चीतच मागे टेकले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचे वारस आज कोठे कोठे पसरले असतील, कोणास ठाऊक. आणि वायू जर 'खनिज' असेल तर तो त्यांचा.

येथे पेनसिल्व्हेनियाचा एक विलक्षण नियम कामी आला. 1882 च्या डनहॅम खटल्यापासून या राज्यात असे मानले जाते की, खतात नुसते 'खनिजे' म्हटले असेल तर त्यात तेल आणि वायू येत नाहीत. ते हवे असतील तर नाव घेऊन राखले पाहिजेत. सामान्य माणूस खनिज म्हटल्यावर धातू-दगड समजतो, एवढाच त्यामागील तर्क. शेल हा खडक आहे, मग त्यातला वायू खनिज का नव्हे, असा युक्तिवाद 2013 मध्ये बटलर खटल्यात झाला, आणि न्यायालयाने जुना नियमच कायम ठेवला. मी हे वर्तमानपत्रात वाचलेले आठवले, शेजाऱ्यांच्या वकिलांनी दुसऱ्या दिवशी दुजोरा दिला. आपल्याकडे जुना फेरफार सापडला की पोटात गोळा येतो, तसाच गोळा त्या दुपारी त्यांच्या पोटात आला होता आणि एकशे चाळीस वर्षांपूर्वीच्या निकालाने तो उतरवला. परतीच्या वाटेवर त्यांनी मला भोपळ्याचा 'पाय', म्हणजे भट्टीत भाजलेला इथला गोड पदार्थ, खाऊ घातला.

वकिलांनी कराराला जोडायची पुरवणी तयार केली. त्यातील काही अटी येथे सर्रास मागितल्या जातात, त्यांवर मी फार थांबत नाही. गटात जेवढी जमीन घेतली तेवढीच उत्पादनाने धरलेली राहील, बाकीची मुदतीनंतर मोकळी होईल, अशी एक अट असते. वायू न विकता विहीर बंद ठेवून नाममात्र रक्कम देण्याला दोन वर्षांची मर्यादा, ही दुसरी. जमिनीच्या पृष्ठभागावर विहिरीचा चौथरा, रस्ता, तळे काहीही नको, वायू शेजारच्या चौथऱ्यावरून आडवा काढावा, ही तिसरी अट शेजाऱ्यांना सर्वांत प्रिय आहे; मक्याच्या शेतात चार-पाच एकरांचा खडीचा ओटा त्यांना बघवणार नाही.

पाण्याबद्दल मात्र थांबावेच लागेल. एका विहिरीचा खडक फोडायला चाळीस-पन्नास लाख गॅलन पाणी सहज लागते, आणि आडवी विहीर जितकी लांब तितके अधिक. शिवाय गावाकडे नळाचे पाणी नसते, प्रत्येकाची स्वतःची कूपनलिका असते. सस्क्वेहॅना काउंटीतील डिमॉक गावात 1 जानेवारी 2009 रोजी एका घराच्या पाण्याच्या विहिरीत साठलेल्या मिथेनचा स्फोट झाला. तेथील पाण्याचे प्रकरण पुढे जवळजवळ चौदा वर्षे चालले. नोव्हेंबर 2022 मध्ये कंपनीने, म्हणजे तेथे वायुविहिरी खोदणाऱ्या कॅबटच्या जागी आलेल्या कोटेराने, एका आरोपाला आव्हान न देण्याची भूमिका घेतली आणि गावासाठी 1 कोटी 60 लाख डॉलरहून अधिक खर्चाची जलवाहिनी उभारण्यास पैसे देण्याचे मान्य केले. 2012 च्या कायद्याने आता असे गृहीत धरले जाते की, वायुविहिरीपासून 2,500 फुटांच्या आत आणि काम पुरे झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत पाणी बिघडले तर दोष कंपनीचा. पण पाणी आधीपासूनच तसे होते असे कंपनीने दाखवले तर हे गृहीतक गळून पडते. म्हणून खोदाईआधीची तपासणी स्वतंत्र प्रयोगशाळेकडून आणि स्वतःच्या खर्चाने करून घ्यावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. आमच्या शेजाऱ्यांच्या गोठ्यातील नळातून नमुना घेतला तेव्हा मी हजर होतो. तपासनिसाने नळाचे तोंड पुसले, पंधरा मिनिटे पाणी वाहू दिले, आणि मिथेनसाठीची बाटली पाण्याच्या बादलीत बुडवून, एकही बुडबुडा आत राहणार नाही अशी, पाण्याखालीच बंद केली. शेजारी म्हणाले की आयुष्यभर दुधाचे नमुने दिले, पाण्याचा हा पहिलाच.

सेअरपासून गाडीने पाच मिनिटांवर वेव्हर्ली गाव आहे, ते न्यूयॉर्क राज्यात. खडक तोच, खोलीही फारशी वेगळी नाही. तेथील शेतकऱ्यांनीही एकत्र येऊन मोठे संघ बांधले होते, भाव ठरवले होते, आणि वाट पाहत होते. डिसेंबर 2014 मध्ये न्यूयॉर्क सरकारने मोठ्या प्रमाणावरील खडकफोडीला मनाई जाहीर केली आणि 2020 मध्ये तिचा कायदाच केला. वेव्हर्लीतील माझे एक अशील मला म्हणतात की, रेषेपलीकडच्यांना पैसे मिळाले. आणि सेअरमधील दुसरे अशील म्हणतात की, रेषेपलीकडच्यांचे पाणी आणि रस्ते वाचले. दोघांचेही विवरणपत्र मीच भरतो. पहिल्याची म्हातारपणाची तजवीज नाही आणि दुसऱ्याची झोप गेली आहे, आणि दोघांपैकी कोणाला चूक म्हणावे हे मला अजून ठरवता आलेले नाही.

दादांना मी दुसऱ्यांदा फोन केला तो एका वेगळ्या कारणाने. आमच्या कोल्हापूरकडच्या शेताच्या खालच्या अंगाने काही वर्षांपूर्वी एक वायुवाहिनी गेली आहे. 1962 च्या कायद्यानुसार सरकार अशा पट्ट्याची मालकी घेत नाही, फक्त वापराचा हक्क घेते, आणि त्याबद्दल बाजारभावाच्या दहा टक्के मोबदला व पिकाचे नुकसान भरून देते. त्या पट्ट्यात ऊस लावता येतो, पण विहीर खोदता येत नाही, घर बांधता येत नाही, झाड लावता येत नाही. बांधाजवळ खुणेचा खांब आहे, त्याला दादा बैल बांधत नाहीत, एवढीच त्याची दखल. आता गंमत अशी की, मेरीलँडमधील कोव्ह पॉइंट या बंदरातून भारताच्या 'गेल'ने 2018 पासून द्रवरूप वायू घेण्याचा दीर्घ मुदतीचा करार केलेला आहे, आणि त्या बंदराला मार्सेलसच्या पट्ट्यातून वायू जातो. त्याच वर्षी मार्च महिन्यात, लुइझियानातील सबाइन पास येथून भरलेले करारातील पहिले अमेरिकी जहाज रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळला लागले. करारातला काही माल वाटेतच दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकला जातो, आणि वायूच्या रेणूवर गावाचे नाव लिहिलेले नसते. पण ब्रॅडफर्ड काउंटीतील मक्याखालून निघालेला वायू करवीरच्या उसाखालून जाणे अशक्य नाही. मी हे सांगितल्यावर दादांनी सरळ हिशेब विचारला. "त्या म्हाताऱ्याला महिन्याला किती म्हणालास?" मी पाकिटावरचे तिन्ही आकडे वाचून दाखवले. "आणि आपल्याला एकदाच," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण आपल्याला वजा पावती तरी येत नाही रे."

कराच्या बाजूने दोन शब्द, कारण हे माझे काम. बोनस हे सगळे त्या वर्षीचे साधे उत्पन्न धरले जाते. मासिक स्वामित्वधनावर मात्र जमिनीतला साठा संपत जातो म्हणून पंधरा टक्के वजावट मिळते. शेजाऱ्यांनी बोनसमधून नवा ट्रॅक्टर घेण्याचे मनात धरले होते. मी फेडरल कर आणि राज्याचा 3.07 टक्के कर वजा करून उरलेला आकडा लिहून दिला, तेव्हा ते म्हणाले की मग जुनाच रंगवून घेतो.

कंपनीचे उत्तर मागील आठवड्यात आले. पृष्ठभाग न वापरण्याची अट मान्य, बंद विहिरीची दोन वर्षांची मर्यादा मान्य, गटाबाहेरची जमीन मोकळी करण्याची अट फिरवून मान्य. कपातबंदीला नकार, त्याऐवजी पंधराचे साडेसतरा टक्के, आणि चिठ्ठीवरील बोनसमध्ये एकरी शंभर डॉलरची भर. ही भर पुन्हा एका पिवळ्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहून आली आहे. शेजाऱ्यांनी ती सोलून काढली, आमच्या फ्रिजला लावली आणि वकिलांना फोन करून सांगितले की टक्के पंधराच राहू द्या, कपात काढा. लँडमन येत्या गुरुवारी येणार आहे. त्याला कॉफी आमच्याकडेच मिळणार आहे, कारण तीच सोळा पाने, आता लाल शाईने भरलेली, अजून आमच्याच टेबलावर आहेत.